जुना व्हायब्राफोन घेतला, आणला, वाजता केला

मी शोधाला लागले तेव्हा जुन्या व्हायब्राफोनबद्दल मराठीत वाचायला काही सापडलं नाही. ओळखीच्यांपैकी कुणी तो घेतलेला नव्हता. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण ती शिकागो-लंडनच्या माणसाला उपयोगी. कोल्हापुरातल्या माणसाला पडणारे प्रश्न वेगळेच असतात. विकणाऱ्याच्या कागदपत्रांत काय बघायचं? वाद्य मुंबईहून आणायचं कसं? अमेरिकन मोटर आपल्या विजेवर चालवायची कशी? दुरुस्तीला कुणाकडे जायचं? हे सगळं आता पार पडलं आहे, म्हणून आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते.

ज्यांना वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्यांच्या क्रमाने मांडलेल्या असतात आणि त्या लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायच्या. प्रत्येक पट्टीखाली एक नळी असते. नळ्यांच्या तोंडाशी छोट्या चकत्या मोटरवर फिरतात, त्यामुळे सुराला लहर येते. पायाशी पेडल असतं. ते दाबलं की सूर लांबतो, सोडलं की फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) पट्ट्यांना टेकतं आणि सूर थांबतो. नेहमीच्या वाद्याला ३७ पट्ट्या, म्हणजे पांढरी चारपासून पांढरी चारपर्यंत तीन सप्तकं. जुन्या हिंदी चित्रपटसंगीतात हा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. मुंबईच्या रेकॉर्डिंगच्या दुनियेत कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी व बुजी यांची नावं अशा वाद्यांशी जोडलेली आहेत.

मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवते. व्हायब्राफोनचा आवाज आजवर एका बटणावरच काढत आले. त्या आवाजात काठीचा कडकपणा नसतो, पेडल अर्धवट सोडल्यावर सूर कसा विरतो तेही नसतं. मला ते हवं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी शोध सुरू केला. पहिल्यांदा परदेशातल्या जाहिराती पाहिल्या, कारण जुनी वाद्यं तिकडेच निघतात. इथे एक टीप: डीगन कंपनीच्या जुन्या वाद्यांसाठी ‘व्हायब्राहार्प’ हा शब्द टाकूनही शोधा, कंपनी ते त्या नावाने विकत असे. मुंबईतल्या एका कस्टम्स एजंटला फोन केला तेव्हा खरी अडचण कळली. आयात-निर्यात कोड काढणं अवघड नाही. पॅन कार्डावर, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर, ५०० रुपयांत तो निघतो. पण भांडवली यंत्रसामग्री सोडली तर बाकीच्या वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे. तिला वेगळं परवानापत्र लागतं. एजंटने स्वच्छ सांगितलं, “परवाना हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.” त्यावर समुद्री भाडं, बंदरावरची हाताळणी, जकात आणि जीएसटी. मी तो विचार सोडला.

कुणी झायलोफोन किंवा मारिंबा बघत असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. त्यांच्या जुन्या पट्ट्या बहुधा रोझवूडच्या असतात. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया, म्हणजे रोझवूडच्या वंशातली सगळी लाकडं सायटिस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून दुसऱ्या परिशिष्टातल्या लाकडाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला ही सूट लागू नाही. व्हायब्राफोनच्या पट्ट्या धातूच्या असल्याने हा प्रश्न येत नाही.

मग मी देशातच शोधायला लागले. पुणे, मुंबई आणि गोव्यातल्या वादकांना सांगून ठेवलं. मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिरांनाही सांगितलं, कारण त्यांच्याकडे सगळीकडची माणसं येतात. दोन-अडीच महिने काहीच हाती लागलं नाही. नोव्हेंबरमध्ये मुंबईहून फोन आला. एका दिवंगत वादकाच्या घरी डीगनचं वाद्य पोटमाळ्यावर होतं. वडिलांनी ते १९५०च्या दशकाच्या शेवटी एका हॉटेलच्या बँडकडून वापरलेलंच घेतलं होतं, असं मुलाने सांगितलं.

बघायला जाताना मी फोनमध्ये ट्यूनर ॲप, टॉर्च, मोजपट्टी, बारीक मीठ आणि लोकरीच्या दोन काठ्या नेल्या. आधी पाटी पाहिली: जे. सी. डीगन, शिकागो. या वाद्याचा इतिहास थोडा माहीत असला की बघताना उपयोग होतो. इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिलं व्हायब्राफोन काढलं, त्याच्या पट्ट्या पोलादाच्या होत्या. १९२७ मध्ये डीगनच्या हेन्री श्लुटर यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पायाने चालणारा डँपर, म्हणजे सूर थांबवणारा भाग, असलेली रचना आणली. आजची वाद्यं त्याच वळणाची आहेत. म्हणून पेडल आणि डँपर मूळचे आहेत का, हे मी पाटीनंतर लगेच तपासलं. होते. स्प्रिंग गंजली होती, एवढंच.

पट्ट्यांना मी सगळ्यात जास्त वेळ दिला. दोरीची भोकं पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२.४ टक्क्यांवर असतात, कारण पट्टी कंप पावताना त्या दोन रेषा जवळजवळ स्थिर राहतात. पट्टी दोन स्पंजांवर ठेवून वर मीठ भुरभुरायचं आणि मधोमध हलकेच वाजवायचं. मिठाचे कण उड्या मारत सरकतात आणि दोन आडव्या रेषांत गोळा होतात. त्या रेषा भोकांवर आल्या तर पट्टी मूळची आणि सरळ आहे असं समजायला हरकत नाही. भोकाजवळ चीर असेल तर सूर लगेच मरतो. मोठ्या पट्ट्यांचा दोन सप्तकं वरचा स्वरही ऐकायचा. पट्टीच्या पोटातली कमान त्यासाठीच घासलेली असते. ३६ पट्ट्या सुरात होत्या. एकच नव्हती, वरच्या टोकाची काळी दोन. तिच्या जागी दोरीला नुसती गाठ मारलेली होती.

मागितले दोन लाख, ठरले १,६०,०००. यंत्र चालू नाही, एक पट्टी नाही, फेल्ट दगडासारखं झालेलं. मला ही किंमत रास्त वाटली आणि मालकाला पैशापेक्षा वाद्य कुणाच्या घरी जातंय याची काळजी जास्त होती. त्यांनी वडिलांच्या काठ्यांचा जोड वर दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

व्यवहार कागदावर करा, हे मी कळकळीने सांगते. वस्तू वडिलांची आणि विकणारा मुलगा, म्हणजे बाकीच्या वारसांची संमती लागते. नाशिकला असलेल्या त्यांच्या बहिणीचं संमतीपत्र, वडिलांच्या मृत्यू दाखल्याची प्रत, दोघांची ओळखपत्रं आणि मग विक्रीचा करार. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झाला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा करारांना १०० किंवा २०० ऐवजी किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. करारात कंपनीचं नाव, पाटीवरचा क्रमांक, पट्ट्यांची संख्या, नसलेली पट्टी आणि सोबतचे फोटो असं सगळं घातलं. नोटरीला वाद्याचं नाव तीनदा सांगावं लागलं, शेवटी मीच लिहून दिलं. बहिणीची सही येईपर्यंत डिसेंबरचा मध्य उजाडला. पैसे एनईएफटीने दिले. त्या आठवड्यांत वाद्य दुसऱ्या कुणाला जाईल अशी धाकधूक होती, म्हणून दहा हजार विसार देऊन पावती घेतली होती.

जानेवारी २०२५ मध्ये वाद्य आणलं. सुटं केलं की व्हायब्राफोनचे चार-पाच भाग होतात: पट्ट्या, नळ्यांच्या दोन रांगा, दोन बाजूंचे पाय, आडव्या दांड्या, पेडल व मोटर. पट्ट्या मी सोबत ठेवल्या. दोरीसकट गुंडाळल्या, प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये जुन्या सुती साडीची घडी घातली, दोन पिशव्या केल्या आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली ठेवून घरी आणल्या. बाकीचं ट्रान्सपोर्टने. तिथल्या क्लार्कने ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) मागितलं, कारण किंमत राज्यातल्या राज्यात असलेल्या एक लाखाच्या मर्यादेच्या वर होती. आपला जीएसटी क्रमांक नसला तरी पोर्टलवर नागरिकांसाठी वेगळा पर्याय आहे, तिथून ते निघालं. एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) ९२०६ टाकायचा, त्यात तालवाद्यं येतात. भाडं ४,२०० रुपये, पॅकिंगचे वेगळे १,८००. एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारतात, तो वाचून घ्या. माल आला तेव्हा एका नळीला खोलगट पोचा आला होता. पोहोच देताना मी तो सहीशेजारी लिहून घेतला आणि फोटो काढले. भरपाई मिळाली नाही. अर्ज केला, दोन महिने फोन केले, मग पुढच्या कामाला लागले.

घरी आणल्यावर दुरुस्तीचं मार्गदर्शन परदेशी लेखांतून मिळालं, हात मात्र सगळे आपल्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतले. या शहराने ऑइल इंजिनं बनवली आहेत. फिरणारा, घासला जाणारा कुठलाही धातूचा भाग इथे कुणाला तरी करता येतो. फक्त काय करायचं नाही, हे आपल्याला माहीत हवं. लेथवाल्या मिस्त्रींनी पट्ट्या पाहिल्या आणि अंगठ्याने चोळून म्हणाले, “ताई, बफ मारून देतो की. नव्यागत दिसतील बघा.”

“नको मिस्त्री. पट्टीला मशिन लावायचं नाही.”

“एक पैसा घेत नाही.”

मग मी त्यांना समजावलं. पट्टीच्या मधला धातू जरा कमी झाला की सूर उतरतो, टोकाचा कमी झाला की चढतो. बफने दोन्हीकडचा जातो, वर मूळचा सोनेरी थरही जातो. एकदा गेलेला सूर परत आणायला ३६ पट्ट्या एकेक करून घासाव्या लागतील. त्यांनी पट्टी हातात धरून वाजवली, बोटांनी भोकाजवळ पकडली, पुन्हा वाजवली. त्यानंतर त्यांच्या दुकानात पट्ट्यांना कुणी फडकंसुद्धा माझ्या परवानगीशिवाय लावलं नाही. घरी मी त्या कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ कापडाने पुसल्या आणि लगेच कोरड्या केल्या. काळपट डाग राहिले, राहू दे.

मोटरचं काम मला सगळ्यात अवघड वाटत होतं. तिच्यावर ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे हर्ट्झ) असं लिहिलेलं. बरेच जण साधा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतात. आपल्याकडे वीज ५० सायकलची आहे. तेवढ्याच व्होल्टेजवर कमी सायकलला अशी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. सायकलच्या प्रमाणात व्होल्टेजही उतरवायला हवं, म्हणजे ९५च्या आसपास. रिवाइंडिंग करणाऱ्या काकांनी २३० ते ९५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला, १,४०० रुपये. तो दोन वेगळ्या वेटोळ्यांचा करून घ्या, ‘ऑटो’ नको, कारण जुन्या कापडी वायरींचा भरवसा नाही. सांगाड्याला अर्थिंग घ्याच. मोटरचा वेगही सहाव्या हिश्श्याने कमी होतो. तो भरून काढायला मिस्त्रींनी मोटरवरची पुली पाचव्या हिश्श्याने मोठी करून दिली, मूळची मी जपून ठेवली आहे. पट्टा म्हणून ओ-रिंगची रबरी दोरी चालली. आधी मोटरला कार्बन ब्रश आहेत का ते बघा. ब्रशवाल्या मोटरचा वेग सायकलवर अवलंबून नसतो, तिथे पुलीचा खटाटोप लागत नाही.

नळीचा पोचा बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काढला. त्यांनी सागवानी दांडा नळीच्या आतल्या मापाचा तासून घेतला आणि नळी त्यावर हळूहळू फिरवत दाबली, हातोडी अजिबात वापरली नाही. अडीचशे रुपये सांगितले, मी पाचशे दिले. नळीची लांबी जपायलाच हवी होती. तळाशी बंद असलेली नळी त्या सुराच्या तरंगलांबीच्या साधारण पाव भागाइतकी असते. सगळ्यात खालच्या पांढरी चारला ती अर्ध्या मीटरच्या जवळ जाते, तीन सप्तकं वर जेमतेम सहा सेंटिमीटर. वरच्या नळ्या बाहेरून लांब दिसल्या तरी आत बूच असतं. ते हललं की ती पट्टी मुकी वाटते. माझ्या वाद्यात दोन बुचं खाली घसरली होती.

पट्ट्या ज्या खिळ्यांवरल्या दोरीत झुलतात, त्या खिळ्यांची रबरं विरघळून चिकट झाली होती. त्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून बसवली, अजून टिकून आहे. दोरी विणलेल्या नायलॉनची, मापाची, टोकाला स्प्रिंग. फेल्ट मुंबईहून मागवावं लागलं, कारण पेटीवाल्यांकडचं पातळ होतं. शुद्ध लोकरीचं, बारा मिलिमीटर जाड, ९०० रुपये. चिकटवताना ते ताणलं गेलं तर काही पट्ट्या दबतात आणि काही गुणगुणत राहतात, म्हणून मोकळं ठेवून लावायचं.

मार्च-एप्रिलमध्ये नसलेली काळी दोन बनवायला घेतली. शेजारच्या काळी एकची रुंदी-जाडी घेऊन कठीण जातीच्या ॲल्युमिनियमची पट्टी कापून आणली, मुद्दाम थोडी लांब. पोटातली कमान मिस्त्रींनी मिलिंगवर ढोबळ काढली, पुढचं अर्धगोल कानशीने घरी. लक्ष्य १२४४.५ हर्ट्झ. पहिल्या संध्याकाळी सूर भलताच भराभर उतरत गेला, मी घाबरून थांबले. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाजवली तर सूर आपोआप चढलेला. घासल्याने पट्टी गरम होते आणि गरम पट्टीचा सूर खाली दिसतो. तेव्हापासून कानशीचे चार हात मारायचे, पट्टी फरशीवर ठेवायची, चहा घ्यायचा, मगच मोजायचं असं ठेवलं. दोन हर्ट्झ बाकी राहिल्यावर कानस सोडून पॉलिश पेपर घेतला. भोकं मात्र सगळ्यात आधी, मिठाच्या रेषा बघून, पाडून घ्या. तिचा रंग पांढुरका आहे, बाकीच्यांमध्ये लगेच ओळखू येते. आवाज थोडा कोरडा आहे. वरच्या टोकाला असल्याने गाण्यात खटकत नाही.

काठ्या माझ्या मावशीने करून दिल्या. वेताच्या काड्या, टोकाला रबरी गोळा आणि त्यावर क्रोशाची लोकर. घट्ट गुंडाळली की आवाज टोकदार, सैल गुंडाळली की मऊ. खालच्या सप्तकासाठी तिने तिसरा जोड केला, तो मला सगळ्यात आवडतो.

पावसाळ्याआधी विम्याचं काम केलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग आम्ही कलाकार विसरू शकत नाही, आणि पंचगंगेचं पाणी तर दरवर्षीची चिंता. घराच्या विम्यात वाद्य वेगळं नोंदवायचं असेल तर खरेदीचा पुरावा आणि किमतीचं पत्र मागतात. माझा नोटरी केलेला करार आणि दुरुस्तीची बिलं इथे कामाला आली. अर्जात ‘संगीत वाद्य’ एवढंच लिहिलं तर पुढे वाद होऊ शकतो, म्हणून पूर्ण वर्णन आणि क्रमांक लिहिला. मंजुरीला तीन आठवडे लागले. वाद्य पहिल्या मजल्यावर ठेवलं आहे. जून ते सप्टेंबर फेल्टमध्ये ओल धरू नये म्हणून वर सुती चादर घालते, प्लास्टिक नाही.

ऑक्टोबरमध्ये दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा बाहेर काढलं. जुळणीला पाऊण तास लागतो, म्हणून मंचावर सगळ्यांच्या आधी पोहोचावं लागतं. पहिल्या दोन गाण्यांना मी मोटर बंद ठेवली. लहर नसताना पट्टीचा स्वच्छ सूर ऐकू येतो आणि गायकालाही त्याच्यावर टेकता येतं. तिसऱ्या गाण्याला सावकाश लहर सोडली. कीबोर्डवर हा फरक बोटांना कधी जाणवला नव्हता. तबलजींनी मध्येच मान वळवून बघितलं.

खर्चाचा हिशेब असा: वाद्य १,६०,०००, स्टॅम्प, नोटरी व झेरॉक्स मिळून १,५००, वाहतूक व पॅकिंग ६,०००, मुंबईच्या खेपा वेगळ्या. दुरुस्ती, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पुली, फेल्ट, दोरी व तिची स्प्रिंग, पोचा आणि नवी पट्टी, साडेनऊ हजारांच्या आत. पेडलची मूळ स्प्रिंग अजून चालतेय, पण पुढच्या उन्हाळ्यात तिचं माप देऊन उद्यमनगरातून दोन नव्या करून घेणार आहे, एक लावायला आणि एक पेटीत ठेवायला.